सायटिका: दाब की दाह?

कमरेतून पायात उतरणारी ती कळ मणक्यातली चकती सरकून नस दाबल्यामुळे येते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडलं. उपायही सरळ होता: ऑपरेशन करा, दाब काढा.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. काहींची चकती सरकलेली असते आणि दुखत मात्र काहीच नाही. १९९३ मध्ये स्वीडनच्या ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या नसांवर चकतीतला मऊ गर नुसता ठेवला. दाब अजिबात नाही, तरी नसेतून संदेश जाण्याचा वेग मंदावला. म्हणजे एकटा दाब दोषी नव्हता, दाहही होता.

याच दशकात जर्मनीत ड्युसेलडॉर्फचे पीटर वेलिंग रक्ताकडे वळले. रुग्णाचंच रक्त काचेच्या मण्यांसोबत कित्येक तास शरीराच्या तापमानाला ठेवायचं. तेवढ्या वेळात रक्तपेशींनी दाह रोखणारी प्रथिनं तयार करावीत, ही कल्पना. मग पेशी काढून टाकून उरलेला सिरम नसेच्या मुळाशी टोचायचा.

२००७ मध्ये ८४ रुग्णांवरची जर्मन चाचणी प्रसिद्ध झाली: सिरम विरुद्ध स्टिरॉइड. दुखणं सगळ्याच गटांचं कमी झालं. सिरमचं पारडं शेवटी शेवटी थोडं जड. थिसिससाठी वाचताना मी इथे थांबतो, कारण नुसतं सलाइन टोचलेला गट चाचणीत नव्हताच. आणि सायटिका बऱ्याचदा आपोआपही शमते. मग गुण औषधाचा की काळाचा? असं इंजेक्शन कुणी सुचवलं, तर आधी हेच विचारा.