शांततेची खोली

माणसाला पदं मिळतात ती कर्तृत्वामुळे, वशिल्यामुळे किंवा वयामुळे. मला आजवर मिळालेली सगळी पदं डुलकीमुळे मिळाली आहेत. सभा रंगात आली की माझे डोळे मिटतात आणि उघडतात तेव्हा मी कशाचा तरी निमंत्रक झालेला असतो. मागे असाच मी गच्चीगळती उपसमितीचा निमंत्रक झालो होतो. या खेपेला बदलापूरच्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत डोळे उघडले, तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि सेक्रेटरी माझ्याकडे बोट दाखवून गर्जत होते, "शांततेच्या कामाला यांच्याइतका लायक माणूस अख्ख्या सोसायटीत सापडायचा नाही!"

आमच्या सेक्रेटरींबद्दल एवढंच सांगतो, की त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं तर ते चौथ्या मजल्यावर ऐकू जातं.

ठराव असा होता : तळमजल्यावर पंपाशेजारी वॉचमनची जुनी खोली रिकामी पडून आहे. तिच्यात कुणालाही घटकाभर एकट्याने, निवांत बसता यावं अशी सोय करावी. सूचना बी विंगमधल्या एका बाईंची. घर दोन खोल्यांचं, माणसं सात. सकाळी लोकलमध्ये गर्दी, संध्याकाळी लोकलमध्ये गर्दी आणि मधला वेळ ऑफिसात गर्दी. "दिवसातून दहा मिनिटं कुणी मला हाक मारू नये, एवढंच," असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. मी झोपेत होतो.

मी फलकावर सूचना लावली : 'शांतता उपसमिती - सभासदांनी आपल्या कल्पना कळवाव्यात.' पहिल्या दिवशी तिघांनी येऊन हळूच विचारलं, "कोणाची मारामारी झाली?" कारण आपल्याकडे शांतता समिती नेमतात ती दंगल झाल्यावर. मग कल्पना आल्या. एकाला तिथे टीव्ही हवा होता, एकाला कॅरम. एक जण मंद संगीतासाठी स्पीकर फुकट द्यायला तयार होते. फक्त देणगीदार म्हणून नावाची पाटी हवी, आणि पाटी दिसायला ट्यूबलाइट हवी. एक आजोबा म्हणाले, "वर्तमानपत्र ठेवा, म्हणजे चर्चा होतील." यादी पुरी झाली तेव्हा त्या खोलीत शांतता सोडून बाकी सगळं होतं.

सोसायटीचे आर्किटेक्ट म्हणजे एक तरुण, हुशार मुलगा. त्याने मला लॅपटॉपवर एक चित्र दाखवलं. न्यूयॉर्कला युनोच्या कचेरीत अशीच एक खोली आहे. सरचिटणीस डॅग हॅमरशोल्ड यांनी १९५७ साली स्वतः लक्ष घालून ती घडवून घेतली. जगभरचे लोक भांडायला जिथे जमतात, तिथे घटकाभर गप्प बसायचीही सोय असावी, हा विचार. कुठल्याही एका धर्माची खूण नाही. अंधुक उजेडाची, आत निमुळती होत गेलेली खोली, आणि मधोमध लोहखनिजाची साडेसहा टनांची शिळा. वरून उजेडाचा एक झोत त्या शिळेवर पडतो. बस्स.

"काय कल्पना आहे ना, काका?" आर्किटेक्ट म्हणाला.

मी चित्राकडे पाहत राहिलो. अंधार, मधोमध शिळा आणि वरून येणारा उजेड. हे मी कुठेतरी पाहिलं होतं. न्यूयॉर्कला तर मी गेलेलो नाही. माझी धाव कर्जतपर्यंत.

"चल," मी म्हटलं, "एका स्टेशनावर जायचंय."

अंबरनाथच्या स्टेशनात माणसाला उतरावं लागत नाही, गर्दीच उतरवते. तिथून रिक्षाने आम्ही वालधुनीकाठच्या शिवमंदिरात गेलो. मंदिर काळ्या दगडाचं असल्यामुळे अर्थातच लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. मराठी माणसाला जुनं, काळ्या दगडाचं काही दिसलं की तो ते हेमाडपंताच्या खात्यावर जमा करून मोकळा होतो. पण हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात होता तेराव्या शतकात, आणि हे मंदिर त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. उत्तर दाराच्या तुळईवर शिलालेख आहे, त्यात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० दिलं आहे. पूर्वी हा आकडा ७८२ असा वाचला गेला होता. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी म्हातारं झालं होतं. पुढे दुरुस्ती झाली. आमच्या वीजबिलाची होत नाही.

बांधणारे राजे शिलाहार, उत्तर कोकणचे. थोरला भाऊ छित्तराज याच्या काळात सुरू झालेलं काम धाकट्या मुम्मुणीच्या कारकिर्दीत पुरं झालं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे बांधकाम रखडण्याची आपल्या भागातली परंपरा चांगली हजार वर्षांची आहे. फरक एवढाच, की ते रखडून उभं राहिलं आणि अजून उभं आहे. शैली भूमिज. हिचं माहेर माळव्याकडचं. शिखरावर लहान लहान शिखरांच्या माळा ओवल्यासारख्या एकावर एक चढवायच्या, ही तिची खूण.

आर्किटेक्ट बाहेरच्या भिंती बघत सुटला. त्या भिंतींवर वीतभर जागा मोकळी नाही. देव, देवी, अप्सरा, गण, हत्ती, सगळे खांद्याला खांदा लावून उभे. दगडातली सकाळची लोकलच. एकही भिंत सरळ जात नाही, सारखी कोपरे काढत वळते, त्यामुळे गर्दी आणखीच दाटते. पोरगा बोलत होता, फोटो काढत होता, फोनवर कुणाला तरी "नंतर करतो" म्हणत होता.

मग आम्ही मंडपात शिरलो. सुमारे २३ फूट चौरस मंडप. मधे चार खांब, तेही कोरलेले. पण इथे उजेड अर्धा, म्हणून नक्षी दिसते तीही अर्धी. पोराचा आवाज आपोआप खाली आला. मंडपाच्या पलीकडे गाभारा, आणि गाभाऱ्याला पायऱ्या, पण वर चढायच्या नाहीत. खाली उतरायच्या, विसेक.

मी म्हटलं, "उतर."

तो उतरू लागला. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना पायरी दिसत नाही. पावलाने चाचपडावी लागते. आणि मला माझ्या आयुष्यात प्रथमच कळलं की पायरी चाचपडणारा माणूस बोलत नाही. 'शांतता राखा' अशी पाटी लावायची काही गरजच नाही. त्या अनामिक कारागिराने पाटीचं काम पायऱ्यांकडून करून घेतलं होतं. खाली पोचेपर्यंत बाहेरचा गलका जाडजूड दगडाने अडवलेला, हवा गार झालेली. गाभारा लहान, मंडपाच्या मानाने साधा. वरचं शिखर आज पुरतं नाही, त्यामुळे उजेड येतो तो डोक्यावरून, आभाळातून, आणि पडतो तळाशी, पिंडीवर.

आम्ही खाली पाच मिनिटं उभे होतो. पोराच्या खिशात फोन थरथरला. त्याने काढला नाही.

वर आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग हिशेबी माणसासारखा म्हणाला, "काका, हे सगळं खरं. बाहेर गर्दी, मग अर्धा अंधार, मग उतार, मग साधेपणा. डिझाइन समजलं. पण एवढ्या जाड भिंती बांधायला राजा लागतो. तुमच्या सोसायटीचं बजेट चाळीस हजार आहे."

"भिंत नसली तरी चालतं," मी म्हटलं. "मी हेच काम एका गोधडीने झालेलं पाहिलंय. इथून जवळच, उल्हासनगरला."

आमचं बालपण उल्हासनगरात गेलं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ होता. सैनिकांसाठी दोन हजारांहून जास्त बराकी बांधलेल्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आणून उतरवलं. लाखाच्या घरात माणसं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. नाव शेजारच्या उल्हास नदीवरून. आत राहणाऱ्यांच्या मनःस्थितीवरून ठेवलं असतं तर दुसरं काही ठेवावं लागलं असतं.

बराक ही शिपायांसाठी असते, आणि शिपायाला खाजगी आयुष्य नसतं असं सरकारी मत आहे. एक लांबलचक पडवी, वर छप्पर, मधे काही नाही. त्यात कुटुंबं राहायला आली तेव्हा भिंती नव्हत्या. पोती, चादरी, साड्या टांगून लोकांनी घरं पाडली. आम्ही कॅम्प नंबर चारला राहायला गेलो तोवर विटांच्या भिंती आल्या होत्या, पण छपरापर्यंत पोचल्या नव्हत्या. एका घरात शिंक आली की तीन घरांतून दोन भाषांत आशीर्वाद यायचे. आमचे अण्णा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते. आयुष्यभर काड्या बनवल्या, पण स्वतः कधी पेटले नाहीत.

शेजारी दादी राहायची. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. ती सगळ्या बराकीची होती. घरात नऊ माणसं, पापड लाटण्याचा धंदा, दिवसभर आरडाओरडा. पण कोपऱ्यात दोरीवर तिने एक रल्ली टांगली होती. रल्ली म्हणजे तुकडे जोडून केलेली सिंधी गोधडी. सिंधमधलं घर सोडताना बरोबर आणलेली. रोज दिवेलागणीला दादी त्या रल्लीमागे जाऊन बसायची. मागे झूलेलालची तसबीर आणि एक पणती होती. रल्ली खाली सोडलेली असली की तिला कुणी हाक मारायची नाही. नवऱ्यानेही नाही, गिऱ्हाइकानेही नाही. पापड करपले तरी नाही. कापडातून आवाज काय, कुजबूजसुद्धा आत जात होती. पण दादीला त्यातून हाक येत नव्हती.

१९७१ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. मी पंधरा वर्षांचा होतो. दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत तेरा दिवस माणसं होती. गावचे, कारखान्यातले, शेजारचे. सगळे आईचं सांत्वन करायला आले होते, आणि त्या सगळ्यांना चहा करता करता आईला रडायला सवड मिळाली नाही. स्टोव्हला पंप मारायचा, आधण ठेवायचं, कप विसळायचे. चौथ्या दिवशी दादी दारात आली. तिने आईच्या हातातली गाळणी काढून घेतली, माझ्या हातात दिली आणि आईचा दंड धरून तिला आपल्या घरात नेलं.

"भाभी, अंदर बैठो," एवढंच म्हणाली. रल्ली खाली सोडली. आणि स्वतः बाहेर पाट टाकून पापड लाटायला बसली, वाटेवर.

आईचं रडणं अर्ध्या बराकीला ऐकू आलं असणार. पण त्या संध्याकाळी दोन्ही घरांत एकही माणूस मोठ्याने बोलला नाही. मी चहा गाळत होतो. तो चहा फार वाईट झाला होता, आणि तोही कुणी बोलून दाखवलं नाही.

हे सगळं मी रिक्षात आर्किटेक्टला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग डिझाइन ठरलं."

उपसमितीचा अहवाल मी सभेत वाचला. दार बुटकं, म्हणजे वाकून जावं लागेल. आत उजेड फक्त वरच्या झरोक्यातून. एकच बाक, भिंतीकडे तोंड करून. प्लग नाही, पंखा नाही, पाटी नाही. आणि आत जायला खाली उतरणाऱ्या तीन पायऱ्या.

इथे सभा उठून उभी राहिली. "खाली? बदलापुरात? सव्वीस जुलै २००५ विसरलात?" दुसरा म्हणाला, "२०१९ चा जुलै आठवा! महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, हजारावर माणसं बाहेर काढावी लागली, आणि हे खाली उतरतायत!" बरोबरच होतं. शिलाहारांना वालधुनी सांभाळायची होती, आम्हाला उल्हास आहे. तीन पायऱ्या वर चढवल्या, प्रत्येकीची उंची थोडी वेगळी ठेवली. माणूस चाचपडला म्हणजे झालं.

नियम एकच ठेवला. बाहेर चपला दिसल्या की हाक मारायची नाही.

पहिले काही दिवस मुलं आत लपाछपी खेळली. मग बी विंगच्या बाईंच्या चपला दिसू लागल्या, साडेसात ते पावणेआठ. खोली चालली, असं मी मानलं.

गेल्या महिन्यात आमच्या सेक्रेटरींची पत्नी गेली. घरात मुलगे, सुना, नातवंडं, भेटायला येणारे, आणि सगळ्यांना तेच मोठ्या आवाजात सांगत होते, "चालायचंच!" दहाव्या दिवशी संध्याकाळी मी पंपाजवळून जात होतो, तर खोलीबाहेर त्यांच्या करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला. आतून आवाज येत होता. आमच्या सेक्रेटरींचं काहीच हळू होत नाही.

इतक्यात वॉचमन धावत आला. "काका, सेक्रेटरीसाहेब दिसले का? टँकरवाला सही मागतोय."

मी चपलांच्या पुढ्यात सरकून उभा राहिलो. "नाही बुवा," मी म्हटलं, "स्टेशनाकडे गेले असतील. आण इकडे, मी करतो सही."

शांतता उपसमितीचा निमंत्रक म्हणून मी जागेपणी केलेलं हे पहिलंच काम.