हटता न हटणारी फाइल

दोन हजारच्या दशकात एक ईमेल ऑफिसातून घरी आणि घरातून पुन्हा ऑफिसात फिरत असे. एका भारतीयाने म्हणे शोधून काढलं आहे की विंडोजमध्ये ‘कॉन’ (सी-ओ-एन) या नावाचं फोल्डर तयारच होत नाही, आणि बिल गेट्ससकट साऱ्या मायक्रोसॉफ्टला त्याचं कारण सांगता येत नाही. वाचणारा तिथल्या तिथे डेस्कटॉपवर राइट क्लिक करून बघायचा. फोल्डर खरंच होत नसे, म्हणून तो ईमेल आणखी दहा जणांना जायचा.

त्यातला पहिला भाग खरा होता, दुसरा साफ खोटा. कारण मायक्रोसॉफ्टला पक्कं ठाऊक होतं आणि ते विंडोजपेक्षाही जुनं होतं. तयार न होणारं फोल्डर आणि काही केल्या डिलीट न होणारी फाइल ही एकाच घराण्यातली मंडळी. दोघांच्याही मागे बहुतेक वेळा कधीतरी, कुठल्यातरी प्रोग्रॅमला दिलेला शब्द असतो, आणि कॉम्प्युटर तो शब्द निमूटपणे पाळत असतो.

‘कॉन’ची सुरुवात कॅलिफोर्नियात होते. १९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही छोट्या कॉम्प्युटरसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. तिच्यात उपकरणांना तीन-तीन अक्षरांची नावं होती. ‘कॉन’ म्हणजे कन्सोल, अर्थात कीबोर्ड आणि पडदा. प्रिंटरला वेगळं नाव, कागदी फीत छिद्रणाऱ्या यंत्राला वेगळं. फाइलचं नाव जिथे लिहायचं तिथे उपकरणाचं नाव आणि पुढे कोलन लिहिलं, की मजकूर थेट त्या यंत्राकडे जाई. १९८० मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटरसन यांनी याच धाटणीवर आपली सिस्टीम लिहिली, म्हणजे सीपी/एमसाठीचे प्रोग्रॅम तिच्यावर आणणं सोपं जावं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये ती आयबीएम पीसीबरोबर डॉस म्हणून बाजारात आली. नावापुढचा कोलन आता लिहिला नाही तरी चालत होता. काही प्रोग्रॅम फाइलच्या नावाला आपणहून एक्स्टेन्शन जोडत; तेव्हा ‘कॉन’ला शेपूट लागलं तरी सिस्टीमने त्याला पडदाच समजावं, अशीही सोय झाली.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासला जे गेले, त्यांची या नावाशी जुनी ओळख आहे. ‘कॉपी कॉन’ आणि पुढे फाइलचं नाव टाइप करून एंटर मारायचं, चार ओळी लिहायच्या, कंट्रोल झेड दाबून पुन्हा एंटर. डॉस सांगायचा, एक फाइल कॉपी झाली. ती फाइल कीबोर्डवरून कॉपी झालेली असे, आणि ‘कॉन’ हे त्या कीबोर्डचं नाव होतं.

मार्च १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली, १० एमबी हार्ड डिस्कच्या पीसी एक्सटीबरोबर, आणि तिच्यात पहिल्यांदा फोल्डर आली. खरी गाठ इथे पडली. त्याआधी फ्लॉपीवर फायलींची एकच यादी असायची. आता फोल्डर आल्यावर उपकरणांची नावं एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवता आली असती. युनिक्समध्ये तशीच व्यवस्था होती. पण दोन वर्षांत लिहिलेल्या प्रोग्रॅमना फोल्डर ही भानगडच माहीत नव्हती. ते नुसतं ‘कॉन’ म्हणणार, मग वापरणारा कुठल्याही फोल्डरमध्ये बसलेला असो. ते बंद पडू नयेत म्हणून ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘नल’, ‘कॉम१’, ‘एलपीटी१’ ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. पुढे डॉस गेला, विंडोज एनटी आली, नावं तशीच राहिली.

मात्र ही बंदी विंडोजच्या वरच्या थरातली आहे. खाली डिस्कवरच्या एनटीएफएस फाइल सिस्टीमला ‘कॉन’ नावाचं काही वावडं नाही. पत्त्याच्या सुरुवातीला दोन उलट्या तिरक्या रेघा, एक प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटी रेघ लिहिली, की वरचा थर नाव तपासत नाही, फोल्डर तयार होतं. आणि एकदा झालं की जात नाही, कारण फायली-फोल्डर दाखवणाऱ्या एक्सप्लोररला तिथे फोल्डर दिसतं, पण डिलीट करायला गेलं की तो उपकरणाकडे वळतो. सॉफ्टवेअरची चोरटी देवघेव करणाऱ्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. ढिसाळ राखलेल्या एफटीपी सर्व्हरवर ते अशा नावांची फोल्डर करून आत आपला माल ठेवत. सर्व्हरच्या मालकाला डिस्क भरलेली दिसे, फोल्डर दिसे, आणि ते ना उघडे ना पुसलं जाई. कमांडच्या खिडकीत तीच रेघांची खूण लावून फोल्डर काढून टाकण्याचा आदेश दिला, की ते मुकाट्याने जातं. पण हे माहीत नसलेल्या कित्येकांनी डिस्क फॉरमॅट मारली असेल.

पण डिलीट म्हणजे तरी काय होतं? सीपी/एममध्ये फाइल पुसली की तिच्या नोंदीतल्या पहिल्या बाइटच्या जागी २२९ ही संख्या लिहिली जाई. सोळाच्या पायात ती ‘ई५’ होते. आयबीएमच्या आठ इंची फ्लॉप्या कारखान्यातूनच ‘ई५’ने भरून येत, त्यामुळे कोरी फ्लॉपी घातली की सीपी/एमला सगळ्या नोंदी आपोआप रिकाम्या दिसत. डॉसने हीच खूण उचलली आणि नावाच्या पहिल्या अक्षरावर ती लिहायला सुरुवात केली. जपानी लिपीत याच संख्येने सुरू होणारी चिन्हं आहेत, म्हणून तिथल्या नावांसाठी पर्यायी संख्या योजावी लागली. फाइलचा मजकूर मात्र डिस्कवर जागच्या जागी राही. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये याच गोष्टीवर आपला फाइल परत आणणारा प्रोग्रॅम उभारला, आणि १९९१ मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ ही कमांडच मिळाली. ती चालवली की डॉस विचारायचा, गेलेल्या फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कोणतं होतं? नावातलं तेवढंच अक्षर पुसलं गेलेलं असे.

न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्सने डिलीटचा विचार मुळातून वेगळा केला. तिथे फाइल एकीकडे आणि तिचं नाव दुसरीकडे. फोल्डर म्हणजे नाव आणि क्रमांक यांची यादी. त्या क्रमांकाच्या नोंदीत मजकूर कुठे आहे ते लिहिलेलं, आणि त्या फाइलला किती नावं आहेत तेही. पुसणारी कमांड फक्त यादीतलं नाव काढते. शेवटचं नाव गेलं आणि कुठलाही प्रोग्रॅम ती वापरत नसला, की मगच जागा मोकळी होते. म्हणून युनिक्सवर चालू असलेला प्रोग्रॅमसुद्धा खुशाल डिलीट होतो. नाव जातं, प्रोग्रॅम चालत राहतो. या व्यवस्थेत कुणी कुणाला अडवत नाही, आणि ही विसाव्या शतकातल्या सॉफ्टवेअरमधली अत्यंत देखणी कल्पना आहे.

तिचाही त्रास आहेच. सर्व्हरवरची अवाढव्य लॉग फाइल कुणीतरी पुसतो, यादीतून ती जाते, आणि डिस्क तरीही शंभर टक्के भरलेलीच. लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ती अजून धरून ठेवलेली असते. पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी लिहिलेली ‘एलएसओएफ’ ही कमांड अशा बिननावाच्या फायली आणि त्यांना धरून बसलेले प्रोग्रॅम दाखवते; प्रोग्रॅम बंद केला की जागा सुटते. शिवाय युनिक्समध्ये आडव्या रेघेने सुरू होणारी फाइल चुकून तयार झाली, तर पुसणारी कमांड त्या नावालाच आपला पर्याय समजते आणि तक्रार करते. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ दिली की काम होतं.

विंडोजची परंपरा याच्या उलट. १९८४ मध्ये डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘शेअर’ नावाचा प्रोग्रॅम आला, कारण आता ऑफिसांत नेटवर्क येत होतं आणि दोघांनी एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहून घोळ घालू नये, याची काळजी घ्यायची होती. फाइल उघडतानाच प्रोग्रॅम सांगू लागला, मी असेपर्यंत इतरांना काय करू द्यायचं. जुलै १९९३ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज एनटीने या पद्धतीत वाचणं, लिहिणं आणि डिलीट करणं अशा तीन वेगळ्या परवानग्या ठेवल्या. म्हणजे उघडी फाइल पुसू देण्याची सोय एनटीत पहिल्यापासून होती. पण घराघरांत होती विंडोज ९५ आणि ९८, आणि त्यांना ही तिसरी परवानगी कळतच नव्हती. दोन्हीकडे चालेल असा प्रोग्रॅम लिहिणारा ती मागायचाच नाही. या सवयीचं ओझं पुढे विंडोज एक्सपी वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांनी वाहिलं.

एक्सपीवर गाण्यांचे, सिनेमांचे व्हिडिओ साठवणाऱ्या प्रत्येकाने तो संदेश वाचलेला आहे: फाइल डिलीट करता येत नाही, दुसरी व्यक्ती किंवा प्रोग्रॅम ती वापरत आहे. नेटवर्कच्या ऑफिसात या ‘दुसऱ्या व्यक्ती’ला अर्थ होता. घरात एकट्याने बसलेल्या माणसाला वाटायचं, कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलंय. एव्हीआय या व्हिडिओ फायलींच्या बाबतीत त्या धरून बसणारा बहुधा खुद्द एक्सप्लोररच असे. व्हिडिओवर एकदा क्लिक केलं की त्याची लांबी-रुंदी, कालावधी दाखवण्यासाठी तो फाइल उघडे, आणि फाइल अर्धवट डाउनलोड झालेली असली तर वाचता वाचता तिथेच अडकून पडे. मग टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचा, स्क्रीनवरची सगळी चिन्हं गायब होताना बघायची, आणि कमांडच्या काळ्या खिडकीतून फाइल उडवायची. ज्यांना हे जमायचं ते सोसायटीत कॉम्प्युटरमधले जाणकार ठरायचे.

बाकीचे मशीन रीस्टार्ट करायचे, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. विंडोज एनटीत त्यासाठी रीतसर वहीच आहे. आत्ता जी फाइल हलवता किंवा पुसता येत नाही, तिचं नाव रजिस्ट्रीतल्या एका यादीत लिहून ठेवतात. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना, इतर प्रोग्रॅम जागे होण्याआधी, सेशन मॅनेजर ही यादी वाचून एकेक फाइल निकालात काढतो. नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर ‘रीस्टार्ट करा’ असं सांगितलं जाई, त्याचं एक मोठं कारण हेच. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सने ही यादी दाखवणारी आणि तिच्यात नाव घालणारी छोटी साधनं फुकट वाटली. कुठली फाइल कुठल्या प्रोग्रॅमने धरली आहे, हे दाखवणारा त्यांचा प्रोसेस एक्सप्लोरर तर सिस्टीम सांभाळणाऱ्यांचा उजवा हातच झाला. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनीच विकत घेतली.

भारतात मात्र हा विषय लोकांपर्यंत पोचवला तो पेनड्राइव्हच्या व्हायरसने. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह लावायचा आणि घरी येताना सोबत ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ आणायचा, हे कॉलेजच्या पोरांचं नेहमीचं झालं होतं. चिन्ह फोल्डरचं, आत प्रोग्रॅम. सोबत ‘ऑटोरन’ नावाची दडवलेली फाइल, जिच्यामुळे ड्राइव्ह उघडताच व्हायरस चालू होई. असे व्हायरस टास्क मॅनेजर बंद पाडत, फोल्डर ऑप्शन्स गायब करत. डिलीट केलेली फाइल क्षणात परत यायची, कारण मेमरीत चालू असलेला प्रोग्रॅम ती पुन्हा लिहायचा. आधी मेमरीतला प्रोग्रॅम थांबवायचा, मग ‘अ‍ॅट्रिब’ कमांडने फाइलचे सिस्टीम, हिडन आणि रीड-ओन्ली हे तिन्ही शिक्के काढायचे, मग डिलीट. हा क्रम चुकला की पहिले पाढे पंचावन्न.

पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास आणि संजय काटकर या भावांचा धंदा याच गरजेतून उभा राहिला. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडत, ते काढायला संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकात त्यातून क्विक हील हे अँटिव्हायरस झालं. त्यातल्या ‘बूट टाइम स्कॅन’चं तत्त्व रीस्टार्टच्या यादीचंच आहे: विंडोज पूर्ण उठण्याआधी, व्हायरसला फाइल धरायची संधी मिळायच्या आत तिला गाठायचं.

याच लढाईत न हटणाऱ्या फाइलची बाजू पालटली. व्हायरसला पेनड्राइव्हवर ‘ऑटोरन’ फाइल लिहायची असते. मग त्याच नावाचं, कुणालाच पुसता येणार नाही असं फोल्डर आधीच करून ठेवलं तर? फ्लॅश डिसइन्फेक्टर या साधनाने नेमकं तेच केलं. ‘ऑटोरन’ फोल्डरच्या आत ‘एलपीटी३’ने सुरू होणाऱ्या नावाचं फोल्डर ठेवलं. १९८० च्या दशकात प्रिंटरसाठी राखलेलं नाव व्हायरसच्या वाटेतला धोंडा झालं. अनेकांना पेनड्राइव्हवर हे फोल्डर दिसायचं आणि ते डिलीट होत नाही म्हणून धास्ती वाटायची. ते राखणीला बसवलेलं आहे, हे माहीत असणारे थोडे. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटद्वारे जुन्या विंडोजमधलं पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं आणि ही साथ ओसरली.

दरम्यान विंडोजने स्वतःच्या फायलींनाही कवच चढवलं होतं. विंडोज २००० मध्ये सिस्टीमची फाइल डिलीट केली तर काही क्षणांत साठवणीतली प्रत तिच्या जागी येई. व्हिस्टापासून या फायलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’कडे गेली आणि खुद्द अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही नकार मिळू लागला. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याच्या फायली बदलून मशीन मोडण्याचे प्रकार नव्वदच्या दशकात इतके झाले होते की हा नकार रास्तच म्हणायला हवा.

नावाच्या लांबीचीही एक जुनी मर्यादा आहे: पूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसला पाहिजे. नोड जेएस वापरणाऱ्यांच्या ‘नोड मॉड्यूल्स’मध्ये फोल्डरच्या आत फोल्डर इतकी खोल जात, की ती तयार व्हायची पण डिलीट करताना विंडोज म्हणायची, नाव फार लांब आहे. तेव्हा एक रिकामं फोल्डर करून ‘रोबोकॉपी’ या कॉपी करणाऱ्या कमांडला सांगायचं, त्या जंगलाला या रिकाम्या फोल्डरसारखं कर. ती आतलं सगळं साफ करते.

विंडोज १० च्या काळात एनटीएफएसमध्ये डिलीटची युनिक्ससारखी रीत आली. परवानगी असेल तर नाव लगेच यादीतून जातं आणि मजकूर शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत थांबतो. तरीही डिलीटची परवानगी न देता फाइल उघडणारे प्रोग्रॅम ढिगाने आहेत. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये पॉवरटॉइज या आपल्या मोफत संचात ‘फाइल लॉकस्मिथ’ दिला. अडलेल्या फाइलवर राइट क्लिक केलं की ती कुणी धरली आहे त्याचं नाव समोर येतं, आणि शेजारी तो प्रोग्रॅम बंद करण्याचं बटण.