बर्लिनचा गणिती घोडा

निरीक्षण हे मानसशास्त्राचे आद्य साधन होय. प्राण्याचे वा मनुष्याचे वर्तन जसे घडते तसे, त्याच्या नेहमीच्या परिसरात पाहावयास मिळते, हे या साधनाचे सामर्थ्य. परंतु पाहणारा त्या दृश्याच्या बाहेर उभा असतो काय? या प्रश्नाने बर्लिनमधील विद्वानांची एकदा मोठी कसोटी पाहिली.

विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाने आपल्या हान्स नावाच्या घोड्यास मोठ्या चिकाटीने शिकविले होते. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, फार काय, तारीखवार विचारले तरी हान्स खूर आपटून उत्तर देई आणि ते बहुधा बरोबर असे. ओस्टेन प्रेक्षकांकडून पैसा घेत नसत. परक्या माणसाने प्रश्न केला तरी घोडा सहसा चुकत नसे. तेव्हा लबाडीचा संशय घ्यावा तरी कसा? १९०४ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल स्टुम्फ यांच्या नेतृत्वाखाली १३ जणांच्या समितीने हान्सची परीक्षा घेतली. तीत पशुवैद्य होते, सर्कशीतले जाणकार होते. त्यांना कोणतीही हातचलाखी आढळली नाही.

समितीचे म्हणणे खोटे नव्हते, अपुरे होते. तिने हेतुपुरस्सर केलेली खूण शोधली, आणि तशी खूण नव्हतीच. स्टुम्फ यांचे साहाय्यक ऑस्कर फुंग्स्ट यांनी मात्र परिस्थितीतील एकेक गोष्ट बदलून पाहिली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा घोड्याला विचारणारा दिसेनासा केला, की हान्सची विद्या लोपे. मग फुंग्स्ट यांनी घोड्यावरील दृष्टी काढून ती माणसावर खिळविली. प्रश्न संपताच विचारणारा नकळत किंचित पुढे वाके; अपेक्षित आकडा येताच त्याचे मस्तक अगदी सूक्ष्म वर उचलले जाई. हान्स वाचीत होता तो गणित नव्हे, माणूस. हे गुपित कळल्यानंतरही खुद्द फुंग्स्ट यांना आपली ही हालचाल आवरणे कठीण गेले! त्यांचा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. ओस्टेन यांना मात्र तो निष्कर्ष कधीच पटला नाही. १९०९ साली ते वारले.

म्हणजे नुसत्या निरीक्षणाने विद्वान फसले, हे खरे. पण ती चूक उघडकीस आणली तीही अधिक सावध निरीक्षणानेच. १९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी यांनी असाच प्रकार उंदरांबाबत दाखविला. विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की काही उंदीर हुशार आहेत, काही मंद. वस्तुतः तसा भेद नव्हता. तरी ‘हुशार’ ठरविलेल्या उंदरांचीच प्रगती सरस नोंदली गेली. यासाठीच नोंद करणाऱ्यास अपेक्षित फळ कळू न देण्याची दक्षता आज संशोधनात घेतली जाते.

शाळेच्या तपासणीस निघालेल्या अधिकाऱ्यानेही ही कथा ध्यानी ठेवावी. वर्गात पाऊल टाकताच जो वर्ग त्यास दिसतो, तो त्याच्या येण्याने बदललेला असतो. आणि उत्तर देणारे मूल फळ्याकडे पाहत आहे की साहेबांच्या चेहऱ्याकडे, हे त्याने प्रथम पाहावे.