पत्त्यांचा सातबारा : शिकागोचा एडवर्ड मार्लो

एडवर्ड मार्लो शिकागो सोडून फारसा कुठे गेला नाही आणि जादूच्या कमाईवर त्याने घरही चालवले नाही. 10 ऑक्टोबर 1913 रोजी जन्मलेला, मूळ माल्कोव्हस्की आडनावाचा हा माणूस कारखान्यात यंत्रावर काम करी, आणि सुटीच्या वेळात पत्त्यांचा कॅट हातातून खाली ठेवत नसे. 7 नोव्हेंबर 1991 रोजी तो वारला. तोवर त्याच्या नावावर साठाहून अधिक पुस्तके-पुस्तिका जमा झाल्या होत्या, आणि मासिकांत आलेले धरून त्याच्या छापील प्रयोगांचा आकडा 2000च्या वर सांगितला जातो. पत्त्यांच्या जादूवर इतके लिहिणारा माणूस विसाव्या शतकात दुसरा सापडणे कठीण. जादूगारांच्या दुनियेत इतके वाद ओढवून घेणारेही थोडेच.

मार्लोची जादू टेबलावरची. इंग्रजीत तिला क्लोज-अप म्हणतात. मराठी माणसाला जादू म्हटली की जादूगार रघुवीरांसारख्यांचा भरगच्च रंगमंच आठवतो: पडदे, पेट्या, सहायक, दिव्यांची करामत. टेबलावरच्या जादूत यातले काही नसते. बघणारा हातभर अंतरावर बसलेला, पत्ते बहुधा त्याच्याच घरचे, आणि लपवायला जागा म्हणजे जादूगाराचे दोन तळहात. दारूगुत्ते आणि खानावळी यांच्या आश्रयाने ही कला शिकागोत जशी वाढली तशी अमेरिकेच्या फार थोड्या शहरांत वाढली असेल. तिथला मॅट शूलियन हा धिप्पाड खानावळवाला गिऱ्हाइकाच्या टेबलाशी येऊन पान निवडायला सांगे आणि सबंध कॅट भिंतीवर भिरकावी. पाने जमिनीवर विखुरत आणि निवडलेले पान तेवढे टाचणीने भिंतीला ठोकलेले राही. लोक शूलियनकडे जेवायला येत आणि घरी जाऊन भिंतीवरच्या पानाची गोष्ट सांगत. जादू तिथे जेवणासोबत फुकट मिळे, आणि दाखवणाऱ्याच्या तोंडाचा पट्टा हा तिचा निम्मा भाग असे.

मार्लो याच शहरातला, पण त्याची ओढ वेगळ्या परंपरेकडे होती. 1902 साली शिकागोतच ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हे पुस्तक निघाले. लेखकाचे नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस असे छापले होते आणि ते टोपणनाव होते. त्यामागचा खरा माणूस कोण, यावर अजून एकमत नाही. जुगारातली हातचलाखी या पुस्तकाने थंड डोक्याने, जवळजवळ अभियंत्याच्या भाषेत मांडली: खालचे पान वरचे म्हणून कसे वाटायचे, पिसताना हवी ती पाने जागच्या जागी कशी ठेवायची. पुढच्या दोन पिढ्यांनी या पुस्तकाची पारायणे केली. कॅनडातल्या ओटावा शहरात 1894 साली जन्मलेला जादूगार डाय व्हर्नन त्यातला सर्वांत नामांकित वाचक. मार्लोने त्यातली कोरडी, नेमकी भाषा उचलली आणि आयुष्यभर तिच्यातच लिहिले.

त्याची पहिली पुस्तिका ‘पेस्टबोर्ड प्रेस्टो’ 1938 साली आली. 1945 साली नाण्यांवरचे ‘कॉइनिंग मॅजिक’, 1947 साली ‘मार्लो इन स्पेड्स’, 1953 साली ‘द कार्डिशियन’. पत्त्यांच्या जादूगाराला ‘कार्डिशियन’ म्हणण्याची पद्धत त्याच्यामुळेच रुळली. मग 1954पासून ‘रेव्होल्यूशनरी कार्ड टेक्निक’ या मालिकेत एकेका चलाखीला एकेक पुस्तिका मिळू लागली. पान बाजूने काढून घेणे, तळहातात दडवणे, एका पानाच्या जागी दुसरे आणणे, नजरेने पानांची संख्या ओळखणे, अशा एकेका क्रियेवर तो पानेच्या पाने लिही. एक पद्धत देऊन तो थांबत नसे. पहिली झाली की दुसरी, दुसरीतल्या बोटाची जागा बदलून तिसरी, तीच डावखुऱ्या पकडीतून चौथी. कातकाम करणारा माणूस पोलादाच्या तुकड्यावर जसा अर्ध्या सुताने इकडे-तिकडे सरकतो, तशी ही लेखनपद्धत आहे. वाचणाऱ्याला मात्र त्यातून आपल्या कामाची पद्धत कोणती हे स्वतःच शोधावे लागते, आणि मार्लोवरची सर्वांत जुनी व सर्वांत रास्त तक्रार हीच आहे.

या चिकाटीचे चांगले फळ पाहायचे असेल तर फेरो पिसणी पाहावी. फेरो हा अमेरिकेतला जुना जुगार. तो चालवणाऱ्यांची पत्ते पिसण्याची खास रीत होती, तिचे वर्णन इंग्लंडच्या जॉन नेव्हिल मॅस्केलाइनने 1894 सालीच छापले होते. कॅटचे बरोबर 26-26 असे दोन भाग करायचे आणि दोन कंगव्यांचे दाते एकमेकांत बसवावेत तशी त्यांची पाने एकाआड एक गुंफायची. सर्वांत वरचे पान वरच राहील अशा बेताने, म्हणजे बाहेरच्या गुंफणीने, हे आठ वेळा केले तर 52 पाने मूळ क्रमावर येतात. बघणाऱ्याला वाटते पत्ते कसून पिसले, आणि प्रत्यक्षात एकही पान हललेले नसते. वरचे पान दुसऱ्या जागेवर ढकलणारी, म्हणजे आतली, गुंफण केली तर तोच क्रम परत यायला 52 फेऱ्या लागतात. स्कॉटलंडच्या ॲलेक्स एल्म्सलीने 1950च्या दशकात दाखवले, की वरचे पान हव्या त्या खोलीवर न्यायचे असेल तर ती संख्या द्विमान पद्धतीत लिहावी आणि एकाला आतली, शून्याला बाहेरची गुंफण करावी. दहा म्हणजे 1010. तेव्हा आत, बाहेर, आत, बाहेर अशा चार गुंफणी झाल्या की त्या पानावर नेमकी दहा पाने चढतात. हे सगळे कागदावर सोपे, हाताने महाकठीण. मार्लोने 1958 साली ‘फेरो शफल’ या पुस्तिकेत ते हाताच्या आवाक्यात आणण्याचे काम केले: पकड कशी, दाब कुठे, 26वर कॅट काटताना अंदाज एका पानाने चुकला तर सावरायचे कसे, आणि अर्धीच गुंफण करूनही कोणते चमत्कार साधतात. 1964 साली त्याने याच विषयावर पुन्हा मोठी भर घातली. आज फेरो पिसणी शिकणारा माणूस मार्लोचे नाव न ऐकताही त्याच्या वाटेने चालत असतो.

वादाचे उदाहरणही असेच जवळून पाहण्याजोगे आहे. जादूगाराने पान कॅटच्या मध्यावर घातले आणि चुटकी वाजवताच ते वर आले, हा जुना खेळ. 1922 साली शिकागोत व्हर्ननने हूडिनीला याच जातीच्या खेळाने चकवले होते. पुन्हा पुन्हा पाहूनही हूडिनीला कळले नाही, आणि ‘हूडिनीला फसवणारा माणूस’ ही पदवी व्हर्ननने जन्मभर मिरवली. याच खेळासाठी पुढे एक सुंदर युक्ती निघाली. वरच्या पानाची मागची कड किंचित उचललेली असते. समोरून पाहणाऱ्याला त्या फटीमुळे कॅटची जाडी भलतीच वाटते. पान मध्यात शिरल्यासारखे दिसते, आणि शिरते ते वरून दुसऱ्या जागी. मार्लोने 1962 साली ‘टिल्ट’ या नावाने त्यावर पुस्तिका छापली. व्हर्ननच्या गोटात हीच युक्ती ‘डेप्थ इल्यूजन’ म्हणून तोंडी फिरत होती, आणि मूळ कल्पना व्हर्ननची असे आज बहुतेक जाणकार मानतात. छापील कागद मात्र मार्लोचा.

भांडणाचे मूळ इथे आहे. हातचलाखीला मालकीहक्काचा कायदा जवळजवळ नाही. पेटंट घ्यायचे तर युक्ती जगजाहीर करावी लागते, आणि कॉपीराइट शब्दांना किंवा नाट्यरूपाला मिळतो, युक्तीला मिळत नाही. 2014 साली नेवाडातल्या संघीय न्यायालयाने टेलर या जादूगाराच्या ‘शॅडोज’ प्रयोगाच्या बाजूने निकाल दिला, तोही मूकनाट्य म्हणून. त्यामागची क्लृप्ती संरक्षणाबाहेरच राहिली. तेव्हा जमिनीच्या कब्ज्याला जसा सातबारा, तशी चलाखीला छापील पानावरची तारीख. मार्लोला हे इतरांच्या आधी उमगले होते. तो प्रत्येक कल्पनेची टाचणे ठेवी आणि त्यावर तारीख घाली. कोणी नवी युक्ती छापली की मार्लोकडून उत्तर येई: हे माझ्या वहीत अमुक सालापासून आहे, आणि त्याचे आणखी इतके प्रकार माझ्याकडे आहेत. विरोधकांना हा उतारा फार सोयीचा वाटे. दुसऱ्याने दाखवलेली चीज घरी नेऊन, तिला चार फाटे फोडून हा गृहस्थ आपल्या नावावर करतो, असे ते म्हणत, आणि तारखांवरही संशय घेत. चाहते म्हणत, की रोज तासन्‌तास त्याच बावन्न पानांशी झगडणाऱ्याच्या हाती इतरांच्या आधी बऱ्याच गोष्टी लागणारच. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एकाच कॅटवर, त्याच दहा बोटांनी शेकडो माणसे खपत असताना एक युक्ती दोघांना सुचणे मुळीच नवलाचे नाही. पण ज्याची त्याची नोंद उदार हाताने करण्याचा स्वभाव मार्लोचा नव्हता, हे त्याच्या लेखनावरूनही दिसते.

व्हर्ननशी तुलना अटळ होती, आणि ती दोघांच्या चेल्यांनी पुरेपूर लढवली. व्हर्नन भटक्या, गप्पिष्ट, कामाला कंटाळणारा. तो वर्षानुवर्षे मोजके खेळ घासूनपुसून लखलखीत करी, हात नैसर्गिक दिसला पाहिजे एवढेच सांगे, आणि त्याची पुस्तके बहुतांशी लुइस गॅन्सनसारख्या इतरांनी लिहिली. 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये मॅजिक कॅसल हा क्लब सुरू झाला आणि तिथे तो म्हातारपणी गादीवर बसावा तसा बसला. मार्लो स्वतः लिही, फार लिही, आणि एका खेळाची शंभर रूपे करून ठेवी. त्याला पाहिलेले लोक त्याच्या हातांची निर्विवाद तारीफ करतात. खेळाची गोष्ट रंगवणे मात्र त्याच्या लेखी दुय्यम होते. त्यामुळे त्याचे बरेच प्रयोग जादूगारांनी जादूगारांना फसवण्यासाठी केलेले वाटतात. सामान्य माणसाला एका चमत्काराची सात उत्तरे नको असतात, त्याला एकही उत्तर मिळू नये एवढेच हवे असते.

शिकवणे त्याचे शनिवारी चाले. शिकागोतल्या एखाद्या खानावळीत मंडळी जमत, कॉफीच्या पेल्यांमध्ये पाने पसरत आणि तासन्‌तास बैठक चाले. कोणाला काय दाखवायचे आणि कोणापासून काय राखायचे, याचा मार्लोचा स्वतःचा हिशोब होता. बाहेरच्याला त्या टेबलावर सहज जागा मिळत नसे. आत आलेल्यांना मात्र त्याने भरभरून दिले. पेशाने वकील असलेला सायमन ॲरन्सन आणि त्याचा जोडीदार डेव्हिड सॉलोमन यांनी पुढे आपली स्वतंत्र पुस्तके लिहिली. न्यू ऑर्लिन्सच्या जॉन रॅकरबॉमरने गुरूचे विखुरलेले लेखन संपादित करण्याचे काम हाती घेतले. त्याने काढलेल्या एका संग्रहाचे नावच ‘मार्लो विदाऊट टिअर्स’, म्हणजे डोळ्यांत पाणी न आणता वाचता येईल असा मार्लो. भक्ताने गुरूच्या गद्यावर इतकी नेमकी टीका केलेली क्वचितच दिसते. बिल मलोन हा आणखी एक शिष्य गुरूच्या अगदी उलट: बडबड्या, हसवून लोळवणारा. त्याने मार्लोचे खेळ विनोदाच्या झटक्यात सादर केले तेव्हा प्रेक्षकांना ते आवडले, आणि कोरडेपणा खेळांत नव्हता, मांडणीत होता, हे मार्लोच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागले.

1976 ते 1988 या काळात ‘मार्लोज मॅगझिन’ या नावाने सहा जाडजूड खंड निघाले. नाव मासिकाचे, आकार ग्रंथाचा आणि मजकूर बहुतेक एकट्याचा. ‘न्यू टॉप्स’ मासिकातले त्याचे प्रयोग पुढे ‘एम.आय.एन.टी.’ या संग्रहात आले. बिल मीझलने त्याच्या कामाला वाहिलेले ‘ओलरम फाइल’ हे पत्रक काढले. मार्लो उलटा वाचला की ओलरम होतो. मृत्यूनंतरही वह्यांतले अप्रकाशित साहित्य शिष्यांच्या हातून बाहेर येत राहिले. आता पत्त्यांच्या जादूवरच्या चांगल्या पुस्तकात प्रत्येक प्रयोगाखाली श्रेयाची एक ओळ असते: कल्पना कोणाची, छापली कोणी, सुधारली कोणी, कोणत्या साली. टिल्टसारख्या युक्तीखाली त्या ओळीत व्हर्ननचे नाव वर्षाशिवाय येते आणि मार्लोच्या नावापुढे 1962 असते.