दोन लाकडी मणी

माणसाला खुणेची हौस उपजतच आहे. आपल्याकडे पराक्रम करणाऱ्याच्या हातात सोन्याचे कडे येई, पंडिताच्या खांद्यावर शालजोडी पडे. आमच्या मराठवाड्यावर निजामाचा अंमल होता, तेव्हा दरबारी माणसाच्या नावापुढे ‘जंग’, ‘दौला’, ‘मुल्क’ असे किताब पायरीपायरीने चढत जात. ते किताब गेले. पण याच मुलखात दुसरीही एक खूण चालत आली आहे आणि ती अजून टिकून आहे. आमचे गोरेगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यात नामदेवांची नरसी आहे. त्या वाटेने जाणाऱ्या वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते. ती घातली की काही पथ्ये आली, काही नेम आले. किताबाने माणूस वर चढतो, माळेने तो बांधला जातो. हा फरक मनात ठेवून वाचकांनी पुढची हकीकत वाचावी. ती बालवीर चळवळीतल्या मोठ्या माणसांच्या बिल्ल्यांची आहे.

मुलांचे बिल्ले सर्वांना ठाऊक असतात. झेंडावंदनाला गळ्यात स्कार्फ बांधून उभ्या राहिलेल्या मुलांच्या बाहीवर ते दिसतात, आणि घरोघरच्या आयांनी ते कौतुकाने शिवून दिलेले असतात. पण पथकाशेजारी उभ्या असलेल्या स्काउटमास्तरांच्या गळ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तिथे कधीकधी चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी असतात. बाजारात त्यांचे दोन पैसेही यायचे नाहीत. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी, मुलांना गाठी मारायला, चूल पेटवायला, जखम बांधायला जो शिकवतो, त्याला मिळून मिळते ते इतकेच. आणि तेही रीतसर शिक्षण पुरे केल्यावाचून मिळत नाही.

या मण्यांची कुळकथा मोठी चमत्कारिक आहे. बोअर युद्धात मॅफेकिंगचा वेढा सोसलेला इंग्रज सेनापती बेडन-पॉवेल याने १९०७ साली ब्राउनसी बेटावर थोड्याशा मुलांचा तळ टाकला. १९०८ साली त्याचे पुस्तक निघाले आणि गावोगाव मुलांची पथके उभी राहिली. मुले झाली, पण त्यांना शिकवणारे कुठून आणायचे? मॅक्लॅरन नावाच्या एका गृहस्थाने पैसे दिले, त्यातून लंडनजवळ गिल्वेल येथील जागा घेतली गेली, आणि तिथे ८ सप्टेंबर १९१९ रोजी स्काउटमास्तरांचा पहिला वर्ग भरला. वर्ग पुरा करणाऱ्याला काय द्यावे, असा प्रश्न आला तेव्हा बेडन-पॉवेलने आपल्या संग्रहातला एक जुना हार बाहेर काढला आणि त्याचे मणी सोडवून वाटले. पुढे अशी रीत पडली की, शिक्षण पुरे करणाऱ्याला दोन मणी, वर्गात साहाय्य करणाऱ्याला तीन, आणि वर्ग चालवणाऱ्याला चार. रुमालावर त्या दात्याच्या घराण्याच्या चौकटीच्या कापडाचा तुकडा लावतात. आधी सबंध रुमालच त्या कापडाचे होत असत, पण ते महाग पडू लागले म्हणून तुकड्यावर भागवले. काटकसर ही काही आपल्याच घरची गोष्ट नव्हे!

तो हार झुलूंचा राजा दिनुझुलू याचा, असे बेडन-पॉवेल सांगे. १८८८ सालच्या मोहिमेत तो आपल्या हाती आला, असे त्याचे म्हणणे होते. नेमका कसा आला, याविषयी पुढच्या अभ्यासकांनी शंका काढल्या आहेत. एवढे खरे की झुलू लोकांत असे लाकडी मणी म्हणजे शूर योद्ध्याचा मान होता. आणि हेही खरे की १८८९ साली त्या राजावर राजद्रोहाचा खटला चालवून इंग्रजांनी त्याला सेंट हेलेना बेटावर धाडले. नेपोलियनला ठेवले होते तेच हे बेट. राजा हद्दपार झाला, आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा हार सेनापतीच्या संग्रहात राहिला. मग आमच्या मास्तरांनी हा मणी गळ्यात का घालावा? दीडशे वर्षे परक्या अंमलाची झळ सोसलेल्या देशातल्या माणसाला हा प्रश्न पडलाच पाहिजे.

त्याचे उत्तर आपल्याकडच्या हकीकतीत सापडते. १९०९ साली कॅप्टन बेकर यांनी बंगळूरला पहिले पथक काढले, तेव्हा त्यात युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. आपल्या मुलांना दार बंद. तेव्हा आपल्या माणसांनी स्वतःची घरे बांधली. शहाजहानपूरला श्रीराम बाजपेयींनी १९१३ साली पथक उभे केले. मद्रासेस ॲनी बेझंट यांनी अरुंडेल यांच्या साहाय्याने हिंदी बालवीरांची संस्था काढली. त्या पथकांत साहेबी टोपी गेली आणि फेटा आला. गाणीही देशी आली. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी १९१८ साली सेवा समितीची पथके काढली. गणवेश बदलला, पण सेवेचे व्रत तेच राहिले. मोठी मौज अशी की, ज्या बेझंटबाईंना १९१७ साली सरकारने स्थानबद्ध केले होते, त्यांनाच पुढे बेडन-पॉवेलकडून ‘रौप्य लांडगा’ हा चळवळीतला सर्वोच्च मान मिळाला. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था झाली; १९५१ च्या १५ ऑगस्टला मुलींची संस्थाही तीत सामील झाली. बिल्ल्याच्या मधोमध अशोकचक्र बसले, आणि सर्वोच्च मान म्हणून लांडग्याच्या जागी हत्ती आला! आपले नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांनीही या चळवळीचे राष्ट्रीय आयुक्तपद सांभाळले.

मणी मात्र आपण टाकले नाहीत. त्यांना ‘हिमालय वुड बॅज’ असे नाव दिले, आणि पूर्वीच्या मध्यप्रांताचे सरकार नागपुराहून उन्हाळ्यात जिथे जाई, त्या पचमढीला त्यासाठी शिक्षणाचे वर्ग भरू लागले. मला वाटते, हे योग्यच झाले. मूळचे मणी केव्हाच संपले. आज मिळतात ते त्याच घडणीचे नवे. पण नव्या मण्यालाही तो जुना राजा चिकटलेला आहे, आणि तो तसाच राहावा. घालणाऱ्याने मुलांना ही गोष्ट सांगावी, झाकू नये. मणी ज्याच्या नावाचे आहेत त्याच्यावर काय गुदरले हे ठाऊक असलेला मास्तर पथकातल्या दुबळ्या पोरावर हात उगारताना दहादा विचार करील.

कारण खूण कोणी घडवली यापेक्षा ती घालून माणूस वागला कसा, यावर तिचा अर्थ ठरतो. याची साक्ष आपल्या दारातच आहे. चळवळीला मदत करणाऱ्या बाहेरच्या माणसासाठी ‘आभाराचा बिल्ला’ असे. त्यावर कितीतरी वर्षे स्वस्तिक होते! पुढे जर्मनीत हिटलरच्या लोकांनी ते चिन्ह बाहीवर चढवून जे आरंभले, ते पाहून इंग्लंडमधल्या स्काउटमास्तरांनी १९३४ साली बिल्ला बदलण्याची मागणी केली, आणि १९३५ साली नवा आला. त्यात बिचाऱ्या स्वस्तिकाचा काय दोष? दोष ते मिरवणाऱ्यांचा. त्यांच्या वागण्याने तिकडे ते चिन्ह काळे पडले. इकडे आपल्या आयाबहिणींच्या हाताने ते रोज उंबरठ्यावर उमटत राहिले, म्हणून आपल्या घरी ते मंगलच राहिले.

तीच कसोटी छातीवरच्या प्रत्येक फितीला लागते. वर्षानुवर्षे बिल्ले वाढत जावेत आणि पथक मात्र झेंडावंदनापुरतेच दिसावे, असे झाले तर तो निजामाचा किताबच झाला. उलट, जत्रेत चुकलेल्या पोराचे घर शोधून देणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात ते दोन मणी असले, तर ते तुळशीच्या माळेच्या पंगतीला बसतात.

दिवाळीच्या दिवसांत मुले घरी असतात. त्यांना गाठी मारायला कोणी शिकवले, ते एकदा विचारा. आभाराचा बिल्ला देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्या मास्तरांच्या घरी फराळाचे एक ताट पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही.