बनावट

मराठी वर्तमानपत्रांत दारूच्या बातम्या साधारण दोन मथळ्यांखाली येतात. एक, ‘गोवा बनावटीची दारू जप्त’. दुसरा, ‘बनावट दारूचा साठा जप्त’. पहिल्या बातमीतली दारू बहुधा खरी असते. बाटलीवर ज्या कारखान्याचं नाव आहे तिथेच ती भरलेली असते, फक्त तिच्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. दुसऱ्या बातमीत बाटली खरी असते, लेबल खरं असतं, कधीकधी खोकंही खरं असतं, आणि आतला माल खोटा असतो. ‘बनावट’ या एकाच शब्दात आपण घडण आणि लबाडी दोन्ही भरून ठेवल्या आहेत. वडगाव मावळसारख्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या गावातल्या वाचकाला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

जून २०२१मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात चिनी दारूच्या २४ बाटल्या दहा लाख पौंडांना गेल्या. दारूचं नाव माओताई. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात, छशुई नदीकाठच्या माओताई गावात ज्वारीच्या जातीच्या धान्यापासून ती गाळतात. या बाटल्या १९७४च्या, लेबलावर सूर्यफूल असलेल्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माओ हा सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली सूर्यफुलं, अशी प्रतिमा प्रचारात होती. निर्यातीच्या बाटल्यांवर तेच फूल आलं.

या चोवीस बाटल्या बंदच विकल्या गेल्या. उघडली की तिची किंमत गेली. मग आत १९७४चीच दारू आहे, हे कसं ठरवायचं? जगभरच्या जुन्या, महागड्या दारूचा हाच पेच आहे. परीक्षा दारूची करायची असते आणि हाताशी असतात बाटली, झाकण आणि कागद. या पेचाचा इतिहास शोधू लागलं, तर तो चीनपेक्षा आपल्याकडेच जास्त सापडतो.

छाप

चीनमध्ये आजही कंपनीच्या अधिकृत शिक्क्याला इंग्रजीत ‘चॉप’ म्हणतात. हा शब्द आपला आहे. ‘छाप’ हा हिंदुस्थानी शब्द व्यापाऱ्यांबरोबर पूर्वेच्या बंदरांत गेला आणि कँटनच्या इंग्रजीत ‘चॉप’ झाला. ‘फर्स्ट चॉप’ म्हणजे अव्वल छापाचा, उत्तम माल. या बंदरात छापाचा सर्वांत मोठा खेळ चाले तो अफूवर. बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यातली होती. तिच्या पेटीवर कंपनीची खूण असे आणि त्या खुणेच्या भरवशावर पेटीचा सौदा होई. मुंबईहून जाणारी माळव्याची अफू कंपनीच्या कारखान्यातली नव्हती. तिचा कस कमीजास्त असे, म्हणून ती तपासून घ्यावी लागे.

मुंबईहून चीनशी व्यापार करणाऱ्यांत सगळ्यांत मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय यांचं. जे. जे. रुग्णालयाच्या नावातले ते हेच. १७८३चा जन्म, आणि चीनच्या पाच सफरी. त्यांच्या धंद्याची सुरुवात मात्र रिकाम्या बाटल्यांपासून झाली. मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे ते रिकाम्या बाटल्यांच्या खरेदी-विक्रीत शिकले. ‘बाटलीवाला’ हे आडनाव आज गमतीचं वाटतं, पण तेव्हा काच परदेशातून येई. गोऱ्या साहेबाने मद्य पिऊन टाकलेली बाटली तेल, अत्तर, औषध, सरबत, कशालाही चाले आणि हातोहात विकली जाई. रिकाम्या बाटलीला स्वतंत्र भाव असणं ही मुंबईतली दोनशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. त्या व्यापारात लबाडी नव्हती. पण बाटली आणि तिच्यातला माल यांचे रस्ते वेगळे होऊ शकतात, हे त्या बाजारात रोज दिसत होतं.

छाप नेमकी कशाची हमी देते, हा प्रश्न वडगावने त्याच शतकात वेगळ्या संदर्भात पाहिला होता. जानेवारी १७७९मध्ये राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजी फौज तळेगावहून माघारी फिरली, जड तोफा तळ्यात टाकाव्या लागल्या आणि वडगावात ती मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. तिथे तह झाला. १७७३पासून घेतलेला मुलूख, साष्टीसह, परत करायचं इंग्रजांनी कबूल केलं. फौज सुखरूप मुंबईला पोचल्यावर मुंबईकर इंग्रजांनी आणि वॉरन हेस्टिंग्जने तो तह अमान्य केला. म्हणणं असं की, सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता. कागद खरा, सही खरी, आणि तरीही आत काही नाही.

तळेगावची काच

वडगावच्या शेजारी तळेगाव दाभाडे. तिथे १९०८मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, टिळकांनी तिच्यामागे बळ उभं केलं आणि त्या पैशांतून देशी काच करण्याचं ठरलं. जपानमध्ये काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले पहिले तज्ज्ञ. कारखान्याबरोबर ती शाळाही होती. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले.

जुन्या बाटल्या ओळखणाऱ्याला हा काळ महत्त्वाचा आहे, कारण काच स्वतःचं वय सांगते. फुंकणीवर फुगवून साच्यात धरलेल्या बाटलीचं तोंड शेवटी हातानं घडवतात, त्यामुळे साच्याची उभी रेघ गळ्याशी विरून जाते. अमेरिकेत मायकेल ओवेन्सने १९०३च्या सुमारास बाटल्या करणारं स्वयंचलित यंत्र आणलं. यंत्राच्या बाटलीत तीच रेघ थेट ओठापर्यंत चढते. दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून कुणी बाटली दाखवली आणि तिच्या ओठावर रेघ सापडली, तर पुढचं काही तपासायचं कारण उरत नाही. बुडाची खूण, काचेतले बुडबुडे, जाडीतला असमानपणा हेही साक्षीदारच.

पण ही साक्ष बाटलीपुरती आहे. बाटली जुनी निघाली म्हणजे माल जुना ठरत नाही. उलट खऱ्या जुन्या बाटलीची खोटी दारू पकडणं सगळ्यांत अवघड.

सरकारी शिक्का

आपल्याकडे दारूवर शिक्का मारायचं काम सरकारनं हाती घेतलं ते महसुलासाठी. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्यांवर टाच आली. शिंदी-माडीच्या झाडांवर कर बसला आणि ती मोजली जाऊ लागली. मुंबईला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून, सरकारी देखरेखीखाली येऊ लागली. १८९२मध्ये ठाणे-कुलाबा भागात मोहाच्या फुलांवरही कायदा आला. अंगणातल्या झाडाची दारू चोरटी झाली आणि दुकानातली खरी. चवीशी किंवा आरोग्याशी या खरेपणाचा संबंध नव्हता. शिक्का सांगत होता की, कर भरला आहे.

१९४९च्या दारूबंदी कायद्यानं शिक्काही काढून घेतला. दारू प्यायला परवाना लागू लागला. तो कायदा, कितीतरी दुरुस्त्यांसह, आजही पुस्तकात आहे आणि ‘परमिट रूम’ हा आपला खास शब्द त्यातूनच आला. बंदीच्या काळात दारू हातभट्टीत गेली. लेबल नसलेल्या मालासाठी गिऱ्हाइकानं आपले निकष काढले. ‘पहिल्या धारेची’ ही त्यातली सर्वांत मानाची पदवी. दुसरी परीक्षा काडी लावण्याची: निळी ज्योत आली की माल अस्सल. तिसरी, बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहण्याची. चीनमध्येही बुडबुडे पाहण्याची रीत जुनी आहे. दारूचा कडकपणा त्यातून थोडाफार कळतो, वय आणि जात कळत नाही.

बंदी सैल झाली तशी विलायती बाटली प्रतिष्ठेची झाली. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात रिकामी स्कॉच ठेवणारी घरं पुष्कळांनी पाहिली असतील. ती घरातून बाहेर पडते तेव्हा रद्दीवाला साध्या बाटलीपेक्षा तिला जास्त भाव देतो, खोक्यासकट असेल तर आणखी. हा वरचा भाव काचेचा नसतो, पुन्हा भरता येण्याचा असतो. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या छाप्यांत रिकाम्या उंची बाटल्या, सुटी झाकणं आणि स्वस्त दारू एकाच खोलीत सापडतात ती यामुळेच.

बंद बाटलीची तपासणी

माओताईच्या जुन्या बाटल्या तपासणारे चिनी जाणकार काय पाहतात, ते आता नीट कळेल. आधी बाटली. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत माओताई मातीच्या बाटलीत येई, नंतर दुधी काचेच्या. मग माप. १९७४च्या बाटलीत ५४० मिलिलिटर दारू असे, हल्लीच्या नेहमीच्या बाटलीत ५००. मग लेबल. निर्यातीच्या दुसऱ्या प्रसिद्ध लेबलावर उडत्या अप्सरा आहेत, दुनह्वांगच्या बौद्ध लेण्यांतल्या. अजिंठा पाहिलेल्याला त्या परक्या वाटणार नाहीत. भिंगाखाली छपाई पाहतात. जुन्या छपाईत रंग सलग बसलेला असतो, संगणकावरून काढलेल्या नकलेत ठिपके दिसतात. कागद जिथे झिजायला हवा तिथेच झिजला आहे का, हेही पाहतात. चहाच्या पाण्यानं पिवळा केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा असतो.

यानंतर झाकण. अप्सरांच्या बाटलीच्या गळ्याशी लाल फिती असतात. फितीच्या आतल्या, झाकणाखाली दडलेल्या टोकाला अंक छापलेला असतो. शेवटी वजन. पन्नास वर्षांत झाकणाच्या फटीतून दारू थोडी उडून जातेच. जोरदार बॅटरी मागे धरली की दुधी काचेतूनही पातळी दिसते. गळ्यापर्यंत भरलेली पन्नास वर्षांची बाटली मनात शंका आणते, आणि फार रिकामी बाटली भाव पाडते. गंमत अशी की, किती दारू नाहीशी झाली हा इथे खरेपणाचा पुरावा आहे.

प्रत्येक खुणेचा जाणकारांकडून गवगवा झाला की नकली माल करणारेही ती शिकतात. म्हणून माओताईच्या रिकाम्या बाटल्यांना चीनमध्ये गिऱ्हाईक आहे आणि ‘पिऊन झाल्यावर बाटली फोडा’ हा सल्ला तिथे वारंवार दिला जातो. फ्रामजी बाटलीवाल्यांच्या धंद्याला हा सल्ला अजिबात मानवला नसता.

दारूतला कार्बन

आतल्या द्रवाची खरी साक्ष काढता येते, पण त्यासाठी थोडी दारू बाहेर काढावी लागते. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण जवळपास दुप्पट केलं. १९६३च्या करारानं खुल्या हवेतल्या चाचण्या बऱ्याचशा थांबल्यावर ते हळूहळू उतरत गेलं. पीक उगवतं त्या वर्षीच्या हवेतला कार्बन धान्यात जातो, धान्यातून दारूत. म्हणून जव असो की ज्वारी, दारू आपल्या पिकाचं साल स्वतःबरोबर घेऊन येते.

२०१७मध्ये एका चिनी लेखकाने स्वित्झर्लंडच्या एका हॉटेलात १८७८ची म्हणवणाऱ्या व्हिस्कीचा एक घोट घेतला. किंमत ९,९९९ स्विस फ्रँक. बाटलीच्या फोटोवरून लोकांना शंका आली. तपासणीत ती १९७० ते ७२च्या दरम्यानची मिश्र व्हिस्की निघाली आणि हॉटेलनं पैसे परत केले. पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेत जुन्या, दुर्मीळ व्हिस्कीच्या ५५ बाटल्या तपासल्या. २१ खोट्या निघाल्या. जाणकारांच्या बाजारातल्या या बाटल्या होत्या, रद्दीच्या दुकानातल्या नव्हत्या.

ज्याच्याकडे बाटलीच नाही

इथवर खोट्या दारूत गेला तो पैसा आणि मान. आपल्याकडे हिशेब तिथे थांबत नाही. डिसेंबर २००४मध्ये मुंबईत विक्रोळीला, जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं माणसं मेली. मालवणीत शंभराहून अधिक. दारूत औद्योगिक वापराचं मिथेनॉल होतं.

मिथेनॉल दिसायला पिण्याच्या अल्कोहोलसारखंच. वास आणि चव यांवरून पिणाऱ्याला फरक कळत नाही. काडी लावली तर तेही निळसर जळतं, म्हणजे हातभट्टीची जुनी परीक्षा इथे उलट धीर देते. त्रास काही तासांनी सुरू होतो. यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, आधी नजर जाते, मग माणूस. नेमकी ओळख प्रयोगशाळेतच पटते.

सूर्यफुलाच्या बाटलीमागे लिलावगृह, भिंग आणि कार्बनची चाचणी असते. परमिट रूममधल्या बाटलीला निदान झाकण, लेबल आणि ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ ही ओळ असते. मालवणीच्या गिऱ्हाइकासमोर यातलं काहीच नव्हतं. ना छाप, ना काच, ना कागद. त्याचा भरवसा देणाऱ्या माणसावर होता. आणि त्या माणसालाही, हाताशी असलेल्या कुठल्याच खुणेवरून, आपण काय देतो आहोत ते ओळखता आलं नसतं.

उंची बाटली रिकामी झाली की ती रद्दीवाल्याकडे न देता फोडावी, निदान लेबल खरवडून आणि झाकण चेपून द्यावी, एवढं कुणालाही करता येण्याजोगं आहे. त्यानं पुन्हा भरणाऱ्याचं काम अवघड होतं. मालवणीसारख्या वस्तीत मात्र याचा उपयोग नाही. तिथे प्रश्न मिथेनॉलचं पिंप कारखान्यातून गुत्त्यापर्यंत पोचतं कसं, हा आहे, आणि त्या पिंपावर ते कोणी घेतलं, कुठे नेलं याची नोंद असणं ही तिथली खरी छाप. ती कर भरल्याच्या शिक्क्याइतक्याच काटेकोरपणे पाहिली गेली, तर बनावट या शब्दातला जीवघेणा अर्थ तरी कमी होईल.