मोटारसायकल सजावट (महाराष्ट्र)

मोटारसायकल सजावट म्हणजे दुचाकीच्या मूळ रचनेला धक्का न लावता मालकाची आवड, श्रद्धा किंवा ओळख दर्शविणारी चित्रे, अक्षरे, रंग व शोभेच्या वस्तू तिच्यावर योजणे. महाराष्ट्रात ही प्रथा शहरांत आणि खेड्यांत सारखीच रूढ आहे.

स्वरूप

पेट्रोलची टाकी, मडगार्ड व हेडलाइटवरील वायझर या सजावटीच्या मुख्य जागा होत. पूर्वी पेंटर ब्रशने अक्षरे रंगवीत. आता बहुतेक काम चिकटपट्टीच्या कापीव अक्षरांनी होते. या परावर्तक पट्टीला बाजारात ‘रेडियम’ म्हणतात, मात्र त्या नावाच्या किरणोत्सारी मूलद्रव्याशी तिचा काहीही संबंध नाही. शिवछत्रपतींची राजमुद्रा, ‘जय मल्हार’, ‘आईचा आशीर्वाद’, मुलांची नावे आणि गावाचे नाव हे विषय वारंवार आढळतात. ‘नाद करायचा नाय’ यासारखी वाक्ये बोलीतील रूपातच लिहिली जातात. त्यांचे प्रमाणभाषेत रूपांतर केल्यास त्यांतील ऐट नाहीशी होते.

खंडेनवमी व दसऱ्याला शस्त्रे आणि अवजारे यांच्याबरोबर वाहनांचीही पूजा होते. त्या वेळी गाडी धुऊन, हळदकुंकू वाहून हँडलला झेंडूची माळ बांधतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत, विशेषतः मुंबईतील गिरगावात, नऊवारी व फेटा परिधान केलेल्या स्त्रिया सजविलेल्या मोटारसायकलींवरून सहभागी होतात.

क्रमांकपट्टीचा प्रश्न

सजावटीचा सर्वाधिक वादग्रस्त भाग क्रमांकपट्टीचा आहे. आंतरराष्ट्रीय अंक वळणदार काढून ४९१२ चे ‘पवार’, २१४ चे ‘राम’ आणि ८०५५ चे इंग्रजी ‘बॉस’ असे वाचन साधले जाते. असे क्रमांक मिळविण्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरणारेही असतात. कल्पकता निर्विवाद असली, तरी धडक देऊन पळालेल्या गाडीचा क्रमांक साक्षीदाराला वाचता न येणे ही तिची गंभीर बाजू आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नोंदणी क्रमांकातील अक्षरे इंग्रजी व अंक आंतरराष्ट्रीय असावे लागतात. त्यामुळे सुवाच्य देवनागरी पट्टीही नियमबाह्य ठरते, ही गोष्ट अनेक भाषाप्रेमींना खटकते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी अनिवार्य झाली. अक्षरे ठशाने उठवलेली आणि पट्टी न निघणाऱ्या कुलपाने बसवलेली असल्याने तीवर सजावटीला वाव उरलेला नाही.

कायदेशीर मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. चित्रे व माळा यांना सहसा हरकत घेतली जात नाही; संपूर्ण गाडीचा रंग बदलल्यास मात्र नोंदणीत तशी दुरुस्ती करावी लागते. सायलेन्सर बदलून फटाक्यासारखा आवाज काढणे हा सजावटीचा नव्हे, ध्वनिप्रदूषणाचा विषय मानला जातो. जप्त केलेले असे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची उदाहरणे राज्यातील अनेक शहरांत आहेत.